जुन्यांची नावं काढून ठेवा

जळगावच्या आमच्या रक्तपेढीत मी संगणकाचा सर्वाधिकारी होतो. ही पदवी मला कुणी दिली नव्हती, मीच घेतली होती. पगारपत्रकात माझ्या नावापुढे ‘संगणक सहायक’ एवढंच लिहिलेलं असायचं. पण मेहरूणहून सकाळी स्कूटरवर निघताना आरशात बघून मी जो चेहरा करायचो, तो सहायकाचा नसायचा.

एका ट्रस्टची जळगावात रक्तपेढी आणि धुळ्यात छोटा दवाखाना. त्या दवाखान्यात रक्त साठवायचा एक फ्रीज आणि दोन टेबलांची प्रयोगशाळा. दोन्ही गावांतल्या संगणकांवर पेशंटची यादी एकच दिसायची, कारण ती माझ्या खोलीतल्या कपाटात घरघरणाऱ्या सर्व्हरवर होती. कुणाला कधी कोणतं रक्त दिलं, कुणाला काय चालतं आणि काय अजिबात चालत नाही, सगळं त्या यादीत. काही जणांना ती फक्त पाहता यायची, काहींना नवी नोंद करता यायची, एक-दोघांना चुकलेली नोंद दुरुस्त करता यायची. आणि एका खात्यातून काहीही करता यायचं. ते अ‍ॅडमिनचं खातं.

ज्या कंपनीने हे सगळं बसवून दिलं, तिच्या इंजिनिअरने जाताना मला समोर बसवून सांगितलं होतं, ‘‘भाऊ, तुमच्या नावाने दोन खाती उघडली आहेत. रोजचं काम साध्या खात्यातून करा. अ‍ॅडमिनमध्ये कामापुरतं जायचं आणि काम झालं की लगेच बाहेर. आत बसून चहा प्यायचा नाही.’’ मी मान डोलावली. वहीत लिहूनही घेतलं. अक्षर फार सुरेख आलं होतं.

तिसऱ्या दिवशी मला त्याचा कंटाळा आला. एका खात्यातून बाहेर या, दुसऱ्यात जा, पासवर्ड टाका, परत बाहेर या. म्हणून मी अ‍ॅडमिनमध्ये शिरून माझ्या साध्या खात्यालाच सगळे अधिकार देऊन टाकले. अर्जदार मीच, मंजुरी देणाराही मीच. त्यानंतर मी आत बसून चहाच काय, कचोरीही खाल्ली. आणि एकदा हात सैल झाला की तो थांबत नाही. रिसेप्शनवरच्या ताईंचा प्रिंटर रुसला, त्यांना अधिकार. स्टोअरच्या माणसाला पिशवीचा नंबर दुरुस्त करता येईना, त्यालाही अधिकार. मंगल कार्यालयात वाढपी जिलबीचं ताट घेऊन फिरतो, तसा मी फिरत होतो.

नको म्हणाल्या त्या फक्त धुळ्याच्या अक्का. तिथल्या प्रयोगशाळेतल्या त्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञ. पेशंटचं रक्त आणि पिशवीतलं रक्त जुळतं की नाही, हे पाहणं त्यांचं काम. मी फोनवर उदारपणे म्हटलं, ‘‘अक्का, तुम्हालाही देऊन टाकतो सगळे अधिकार. सारखं मला विचारायला नको.’’

‘‘नको भाऊ. मना हात कामात ऱ्हातस, भलतंच काही दबाई जाई.’’

मी फोन ठेवून हसलो. नव्या गोष्टीला घाबरतात बिचाऱ्या, असं ताईंना सांगितलंसुद्धा.

अक्का अहिराणीत बोलायच्या. मी जळगावच्या पूर्वेकडचा, आमच्याकडे ‘मले-तुले’ चालतं. त्यांचं ‘शे’ म्हणजे आहे आणि ‘बठ्ठा’ म्हणजे सगळं, हे मला समजतं, माझं ‘कायले’ म्हणजे कशाला, हे त्यांना समजतं, अशी आमची दोघांची कित्येक वर्षांची खात्री होती. त्या खात्रीला कधी कुणी परीक्षेला बसवलं नव्हतं, एवढंच.

आठवडाभर आधी अक्कांनी तक्रार केली होती की यादी फार लांबली आहे. जे परत कधी आलेच नाहीत, जे गाव सोडून गेले, त्यांचीही नावं त्यात. खाली सरकवता सरकवता डोळे दुखतात. मी म्हटलं, बघतो. आणि नेहमीसारखं बघितलं नाही.

मग एका गुरुवारी सकाळी त्यांचा आवाजी निरोप मोबाइलवर आला. मी कपात पाव बुडवत तो लावला. ‘‘भाऊ, त्या जुना पेशंटसना नावे बठ्ठा काढी ठेवा...’’ एवढं ऐकलं आणि बंद केला. निरोप अजून बराच शिल्लक होता. पण शहाण्या माणसाला शेवटपर्यंत ऐकायची गरज पडत नाही.

‘काढणे’ हे क्रियापद किती लबाड आहे, यावर मी आता व्याख्यान देऊ शकेन. आपण फोटो काढतो, प्रिंट काढतो, कसेबसे दिवस काढतो आणि नोकरीवरून माणसालाही काढतो. अक्कांना जुन्या, म्हणजे नेहमी येणाऱ्या पेशंटच्या नावांची यादी काढून हवी होती. मी ऐकलं ते असं, की जुनी, म्हणजे निकामी झालेली नावं काढून टाका.

यादीत मी चाळणी लावली: तीन वर्षांपेक्षा जुनी नोंदणी. एकशे सत्तावीस नावं वर आली. सगळी निवडली. ‘कायमचे हटवा’ असं एक बटण आहे. साध्या खात्यातून ते फिकट दिसतं आणि दाबलं तरी दगडासारखं गप्प राहतं. माझ्या पडद्यावर ते लालचुटूक, चकचकीत होतं. यंत्राने विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. मग मी उरलेला पाव खाल्ला.

एक साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. जो पेशंट सात वर्षं दर महिन्या-दोन महिन्याला रक्त घ्यायला येतो, त्याची नोंदणी सगळ्यात जुनी असते. ज्यांचं आमच्यावाचून चालतच नाही, नेमके तेच मी वेचून पुसले होते.

दुपारी एकच्या सुमाराला मी सहज धुळ्याच्या नोंदी पाहत होतो. सहज म्हणजे, कोण किती वाजता जेवायला उठतं ते बघायची मला खोड होती. अ‍ॅडमिनला सगळं दिसतं. तिथे एक नवीन नोंद दिसली. मुलगी, वय बारा, सिकलसेलचा आजार, गाव यावलच्या वर सातपुड्याच्या पायथ्याचं. पुढे लिहिलं होतं: नवीन पेशंट. पूर्वीची नोंद नाही. जुळणी योग्य. पिशवी दिली, बारा पन्नास.

ते नाव मला पाठ होतं. ती मुलगी पाच वर्षांची असल्यापासून जळगावला आमच्याकडे यायची. दोन वर्षांपूर्वी रक्त घेतल्यावर तिला फार त्रास झाला होता, तेव्हा डॉक्टरांनी शोधून काढलं की तिच्या अंगात एका ठरावीक जातीच्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार झाली आहेत. गट जुळला तरी तिला कुठलीही पिशवी चालत नाही, खास तपासून निवडलेलीच लागते. आणि यातली भीतीची गोष्ट ही, की ती प्रतिद्रव्यं काळाने इतकी विरळ होतात की जुळणी करताना दिसतच नाहीत. सगळं छान जुळलं असंच वाटतं. शरीर मात्र विसरलेलं नसतं. म्हणून तिच्या नोंदीवर लाल अक्षरांत इशारा होता. तो इशारा डॉक्टरांनी सांगितला आणि मी टाइप केला होता. त्यातली वेलांटी चुकली म्हणून मी तो दोनदा टाइप केला होता.

मी तिचं नाव यादीत शोधलं. आजची नवीन नोंद तेवढी आली. जुनी नाही. मग दुसरं एक जुनं नाव शोधलं, तेही नाही. तिसरंही नाही. मोबाइल उचलून मी सकाळचा निरोप पुन्हा लावला, या खेपेला शेवटपर्यंत. ‘‘...नावे बठ्ठा काढी ठेवा. दुपारले नवा डॉक्टर येणार शे, यादी तेस्ना हातमा देनी शे. लाल अक्षरं मोठी येवाले पाहिजे बरं भाऊ.’’

माझ्यातलं होतं नव्हतं ते सगळं निघून गेलं आणि खुर्चीवर नुसता शर्ट उरला, असं वाटलं.

यानंतर मी जे केलं ते सांगायला मला अजून लाज वाटते. मी फोनला हात लावायच्या आधी लॉग उघडला. कुणी कधी काय केलं याची वही संगणक आपली आपण ठेवत असतो, ती. दहा बारा, माझं नाव, हटवलं. दहा बारा, माझं नाव, हटवलं. ओळीखाली ओळ, एकशे सत्तावीस वेळा. आणि वरच्या कोपऱ्यात तेच लाल बटण. ती वही पुसायचा अधिकारही मी स्वतःला देऊन ठेवला होता. बाण त्या बटणावर गेला. पाच सेकंद असेल, सात असेल. तिकडे एका मुलीच्या हाताला सुई लागत असताना मी माझी नोकरी वाचवायचा हिशेब करत होतो. त्या मुलीला ताप चढला असता याची आजही मला भीती वाटते, पण त्याहून जास्त त्या सात सेकंदांची वाटते. कारण ताप कशाने आला असता ते मला माहीत आहे, ते सेकंद कुठून आले ते नाही.

मग बटण तसंच सोडून अक्कांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. मोबाइल त्या टेबलाच्या खणात ठेवतात हे मला माहीत होतं, तरी आणखी दोनदा लावला. शेवटी दवाखान्याच्या जुन्या फोनवर लावला. गेटवरच्या वॉचमनने उचलला.

‘‘अक्कांना बोलवा! पळत जा. मुलीला रक्त लावू नका म्हणा!’’

‘‘कोण बोली राहिना?’’

‘‘जळगावहून. मी नावं पुसली.’’

‘‘काय पुसं?’’

‘‘नावं! नावं पुसली मी!’’

‘‘कोठली? गेटवरनी पाटी?’’

‘‘अहो, संगणकातली!’’

‘‘मंग कोरडा कपडा लाईसन पुसानं होतं ना भाऊ? परवा साहेबना पडदा पानी लाईसन पुसा, तो भी बंद पडना.’’

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण रिसेप्शनच्या ताई धावत माझ्या खोलीत आल्या आणि तिकडे फोन टेबलावर आपटल्याचा आवाज झाला. मग धावत जाणाऱ्या चपलांचा. तो माणूस पळाला, हे त्याचे उपकार. मी रिकामा फोन कानाला लावून बसलो. कुठेतरी भांडं पडलं. कुणीतरी खोकलं. भिंतीवरचं घड्याळ एक वाजून चौदा मिनिटं दाखवत होतं, आणि त्याचा काटा हलतोय की नाही अशी मला शंका यायला लागली.

‘‘भाऊ?’’ अक्कांचा आवाज.

मी एका दमात सांगितलं. ती मुलगी जुनी आहे. लाल इशारा होता. पिशवी थांबवा.

पुन्हा फोन आपटला, पुन्हा चपला. परत आल्या तेव्हा दम लागला होता. ‘‘बंद करी. अकरा मिनिटं व्हयनात लावाले. थोडंच गये.’’ मग अगदी हळू, ‘‘भाऊ, मी काढा म्हने ना. पुसा म्हने का?’’

ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आता मला एकदम कर्तबगारी दाखवायची हुक्की आली. रोज रात्रीचा बॅकअप असतो. तो चढवला की सगळी नावं परत. मी पुन्हा बटणाकडे हात नेला, आणि कुठल्या बुद्धीने कोण जाणे, आधी कंपनीच्या इंजिनिअरला फोन केला.

‘‘कशालाही हात लावू नका,’’ तो म्हणाला. ‘‘हात मांडीवर ठेवलेत का?’’

‘‘ठेवले.’’

‘‘रात्रीचा बॅकअप सरळ चढवला तर आज सकाळपासून ज्या पिशव्या ज्यांना गेल्या, त्या नोंदी उडतील. एक खड्डा बुजवायला दुसरा खणाल. शेजारी कोण आहे?’’

‘‘रिसेप्शनच्या ताई.’’

‘‘त्यांना बसवा. मी सांगेन ते त्या पडद्यावरून मोठ्याने वाचतील. त्यांनी वाचल्याशिवाय तुम्ही एकही बटण दाबायचं नाही.’’

ताईंनी चष्मा लावला आणि शाळेत धडा वाचावा तशा वाचायला लागल्या. बॅकअप बाजूला, वेगळ्या जागी उघडला. त्यातून आधी तिचं एकटीचं नाव आणलं. लाल ओळ दिसली तेव्हा ताईंनी ती दोनदा वाचली. एक बावन्न झाले होते. बाकीची एकशे सव्वीस नावं एकेक करून आणायला पुढे तीन तास लागले, ते काम ताई आणि इंजिनिअर यांनी केलं. माझे सगळे अधिकार इंजिनिअरने तिकडूनच, माझ्यादेखत काढून घेतले. मी नुसता पाहू शकत होतो. खरं सांगतो, त्या क्षणी मला कुणीतरी अंगावर पांघरूण घातल्यासारखं वाटलं.

अडीचला आबा आले. आबा म्हणजे ट्रस्टचे सचिव. ताईंनी त्यांना सगळं सांगितलं होतं. दार लावून घेत ते म्हणाले, ‘‘हे बघ, पोरगी ठीक आहे म्हणतात. उद्या कुणी चौकशी केली तर संस्थेचं नाव जाईल. ती लॉगमधली नोंद काढ.’’

त्या भीतीतही माझ्या आतला टवाळ मेला नव्हता. मी ताईंकडे गेलो आणि त्यांच्या प्रिंटरवर ती नोंद काढून घेतली. तीन पानं आली. ती मी आबांसमोर ठेवली.

‘‘हे काय?’’

‘‘नोंद. तुम्ही म्हणालात, काढ.’’

आबांचं तोंड लाल झालं. मला वाटलं, आता मारतात. त्यांनी पानं उलटली, एकशे सत्तावीस ओळी बोटाने खालपर्यंत नेल्या आणि खुर्चीत बसले. ‘‘माझ्या खात्यालाही तू सगळे अधिकार दिलेस, पासवर्ड पण तूच ठेवलायस ना?’’

‘‘हो आबा. तुमच्या गाडीचा नंबर.’’

‘‘सगळ्या गावाला माहीत असेल तो.’’ त्यांनी पानांवर सही केली, तारीख घातली. ‘‘गाडी घेऊन जा. पिशवी स्वतः पोचव. आणि त्या बापाला तूच सांगायचं, मी नाही सांगणार.’’ आबा वाईट माणूस नाहीत. माझ्यासारखेच घाबरलेले होते, फक्त त्यांची खुर्ची मोठी होती.

योग्य पिशवी आमच्या फ्रीजमध्ये निघाली. तपासणी होऊन बर्फाच्या डब्यात माझ्या मांडीवर आली. पारोळ्याच्या पुढे रस्त्यावर खड्डा आला की मी डबा छातीशी धरायचो. ड्रायव्हर म्हणाला, ‘‘भाऊ, ते रक्त आहे, अंडी नाहीत.’’ मी सोडला नाही.

धुळ्यात डबा अक्कांच्या हातात दिला तेव्हा मुलगी खाटेवर बसून बिस्कीट खात होती. बापासोबत नात्यातल्या लग्नाला आली होती आणि तिथेच तिचं अंग दुखायला लागलं होतं. लाल इशारा लिहिलेलं आमच्या रक्तपेढीचं कार्ड तिकडे गावी, पत्र्याच्या पेटीत. मला वाटलं, संपलं. बिस्कीट खातेय म्हणजे सुटलो. पण नव्या डॉक्टरांनी मला बाहेर घेऊन सांगितलं, ‘‘आज काही झालं नाही, यावरून फार काही कळत नाही. असा त्रास कधी कधी आठवड्या-दहा दिवसांनी वर येतो. थोडं रक्त गेलंय, कदाचित काहीच होणार नाही. पण दहा दिवस लक्ष ठेवा. ताप, लघवी काळपट, डोळे पिवळे, काहीही दिसलं तर लगेच आणा.’’

बाप खाटेच्या पायथ्याशी उभा होता. रापलेला, उंच, बोलायला संथ. मी त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि सांगितलं. त्याला संगणक म्हणजे काय ते माहीत होतं, यादी म्हणजे काय तेही. फक्त एक गोष्ट त्याला कळेना.

‘‘म्हंजे आमचं नाव तुम्ही पुसलं?’’

‘‘हो.’’

‘‘कायले?’’

माझ्याजवळ उत्तर होतं. काढणे, जुने, अहिराणी, चाळणी. ‘‘चुकलं,’’ म्हटलं. ‘‘मी नीट ऐकलं नाही.’’

शिवी देईल म्हणून मी वाट बघत होतो. त्याने विचारलं, ‘‘आता पुन्हा कोनी पुसू शकतं का?’’

मी घाईने नाही म्हणणार होतो. मग म्हणालो, ‘‘आज तरी पुसू शकतं. सोमवारपासून एकट्या माणसाला पुसता येणार नाही.’’

‘‘मंग सोमवारी सांगा,’’ तो म्हणाला आणि आत गेला.

सोमवारपर्यंत आम्ही खरंच बदललं. आता अ‍ॅडमिनचं खातं वेगळं, त्यातून रोजचं काम होत नाही. कुणाला जास्त अधिकार लागला तर कशासाठी, किती वेळासाठी ते लिहून मागायचा. वेळ संपली की तो आपोआप जातो. नाव पुसायचं झालं तर जळगावातून एकाने मागायचं आणि धुळ्यातून अक्कांनी मान्य करायचं. लॉगची एक प्रत रोज अशा जागी जाते, जिथे माझा हात पोचत नाही. मी वाटलेले अधिकार परत घेताना बराच गोंधळ झाला. स्टोअरचा माणूस अजून माझ्याशी बोलत नाही.

हे सगळं मी फोनवर बापाला सोमवारी सांगितलं. त्याच्या पाड्यावर नेटवर्क मिळत नाही, संध्याकाळी तो हापशाजवळच्या चढावर येतो तेव्हाच फोन लागतो. तिथे बायका पाण्याला आलेल्या असायच्या आणि मी रोज त्याला एकच प्रश्न विचारायचो, ‘‘लघवीचा रंग कसा आहे?’’ तो सगळ्यांसमोर मोठ्याने उत्तर द्यायचा, ‘‘साधा हाये भाऊ.’’ पाचव्या दिवशी मागून बायका हसल्याचं ऐकू आलं. सहाव्या दिवशी मी विचारायच्या आधीच त्याने सांगितलं. माझी बायको म्हणाली, स्वतःच्या पोरांचं कधी एवढं विचारलं नाहीस. झोप अशी लागतच नव्हती. डोळा लागला की पिवळा रंग दिसायचा.

नवव्या संध्याकाळी फोन लागला नाही. साडेसहा, सात, आठ. दहाव्या दिवशी सकाळी मी यावलची एसटी धरली, तिथून जीप, मग उरलेलं चालत. वाटेत केळीच्या बागा संपल्या, कोरडवाहू शेतं लागली, आणि प्रत्येक वळणावर मी मनात एक नवी बातमी तयार करत गेलो. एकही बातमी चांगली नव्हती.

बाप अंगणात दोरी वळत बसला होता. मला पाहून उठलाही नाही. ‘‘फोन पाण्यात पडला,’’ म्हणाला. ‘‘मले वाटलंच, तुम्ही येसान.’’

मुलगी आतून आली. मला ओळखलं नाही. बापाने ओळख करून दिली, ‘‘तुझं नाव पुसलं होतं ना, तो हा भाऊ.’’

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ‘‘मंग मी तवा नव्हती का?’’

‘‘होतीस. यादीत नव्हतीस.’’

‘‘किती वेळ?’’

‘‘तीन तास चाळीस मिनिटं.’’

तेवढ्यात मी तिच्या डोळ्यांकडे बघत होतो, पण झोपडीच्या सावलीत काही नीट दिसेना. बापाच्या ते लक्षात आलं. तो म्हणाला, दाखव त्याले, त्याचसाठी आलाय तो. ती उन्हात आली, मान वर केली आणि बोटाने खालची पापणी ओढून धरली. पांढरं होतं. मी वाकून पाहिलं. दुसरा डोळा दाखव म्हटलं, तोही पाहिला.

‘‘पाह्यलं का?’’ ती कंटाळून म्हणाली.

‘‘अजून एकदा,’’ मी म्हणालो.